वाटीभर डाळीचे मोल : प्रथिने, आरोग्य आणि आजार



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा तपशील असतोच. त्यासोबत आरोग्याच्या एखाद्या विषयाची सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी ‘आहारातील प्रथिने’ हा विषय निवडला आहे. त्याचे कारण आम्हाला वारंवार विचारले जाणारे दोन प्रश्न. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचे नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, अंगात ताकद यायला कोणता डबा आणू?” आणि मुंबई-ठाण्याचे देणगीदार विचारतात, “आपल्या रुग्णांसाठी प्रोटीन पावडरचे काही डबे पाठवू का?” दोन्ही प्रश्नांमागील भावना चांगलीच आहे. त्यांचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर होय.

सापगाव हे भातसा नदीच्या काठचे, शहापूरलगतचे गाव. येथे येणारे रुग्ण किन्हवली, डोळखांब, खर्डी या बाजूंचे, तसेच मुरबाड तालुक्यातील सरळगाव-टोकावड्याकडचे असतात. त्यांत कुणबी, आगरी शेतकरी आहेत; ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांची कुटुंबे आहेत. भात हे सर्वांचे मुख्य अन्न. भातासोबत ताटात काय असते, यावर त्यांचे आरोग्य किती अवलंबून आहे, हे आम्ही रोज पाहतो.

आमच्याकडून झालेली एक चूक

प्रथम आमच्याच चुकीविषयी सांगणे आम्हाला उचित वाटते. काही वर्षांपूर्वी डोंगरालगतच्या एका पाड्यावरील तरुण क्षयरोगाच्या उपचारासाठी आमच्याकडे होता. वजन फारच घटलेले. घरी पाठवताना औषधांच्या यादीखाली आम्ही प्रथिनांच्या एका डब्याचे नाव लिहिले. महिन्याभराने तो पुन्हा आला तेव्हा वजन जेमतेम तेवढेच होते. डबा आणला का, असे विचारता त्याची आई म्हणाली, “आणला ना. कोंबड्या इकल्या नि आणला.” अधिक चौकशी केल्यावर कळले की घरातील अंडी देणाऱ्या चार कोंबड्या विकून तो डबा आला होता. पावडर दिवसातून दोन वेळा पाण्यात कालवून दिली जात होती. बाकी दिवसभराचे जेवण म्हणजे पातळ पेज, मिरची आणि मीठ. काम बंद असल्याने घरात तांदूळही पुरेसा नव्हता.

ज्या घरात अंडे होते, त्या घरातून आमच्या कागदाने ते काढून घेतले. त्या माउलीने आमचा शब्द तंतोतंत पाळला. चूक आमच्या सल्ल्यात होती. तो सल्ला का चुकला, हे समजण्यासाठी प्रथिनांचे शरीरातील कार्य समजून घ्यावे लागेल.

प्रथिने म्हणजे काय?

आपल्या अन्नात ऊर्जा देणारे पिष्टमय व स्निग्ध पदार्थ असतात आणि शरीर घडविणारी प्रथिने असतात. स्नायू, त्वचा, केस ही तर प्रथिनांची बनलेली आहेतच. पण रक्तातील प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे, अन्न पचविणारे पाचकरस आणि इन्शुलिनसारखी काही संप्रेरके हीदेखील प्रथिनेच होत. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्यास मदत करते.

ही सर्व प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात. त्यांपैकी नऊ अमिनो आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळावी लागतात. अंडी, दूध, मासे, मांस यांत ही नऊही योग्य प्रमाणात असतात. तांदूळ, गहू, नाचणी या धान्यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. डाळी व कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी असते. धान्य व डाळ एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठले, वालाचे बिरडे आणि भात या आपल्या जुन्या जोड्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. या जोड्या लावणाऱ्या आपल्या आजी-पणजींना अमिनो आम्ले ठाऊक नव्हती, परंतु अनुभव होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जादा ऊर्जा चरबीच्या रूपाने शरीरात साठते. प्रथिनांचे तसे वेगळे कोठार नाही. अन्नातून ती मिळेनाशी झाली की शरीर स्वतःच्या स्नायूंतून ती काढून घेते. म्हणून प्रथिने रोज, शक्यतो प्रत्येक जेवणात थोडी थोडी मिळणे हितावह असते.

गरज किती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने पुरेशी होतात. मुख्यतः धान्यावर असणाऱ्या आहारात ही गरज किलोमागे सुमारे १ ग्रॅम धरावी. म्हणजे ४५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला साधारण ४५ ग्रॅम.

आता हिशेब करू. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम, तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ (२८ ग्रॅम), ६० ग्रॅम डाळ (१३ ग्रॅम) आणि एक अंडे (६ ग्रॅम) मिळून ४७ ग्रॅम होतात. गरज भागली. यात डब्यातील एकही चमचा नाही.

पण आमच्या परिसरातील अनेक घरांत ही ६० ग्रॅम डाळ नसते. आमटी होते, परंतु मूठभर डाळीत पाच-सहा माणसांची. एकेकाच्या वाट्याला दहा ग्रॅम डाळ, म्हणजे दोन ग्रॅम प्रथिने येतात. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो. डाळ मात्र बहुतेक बाजारातूनच विकत घ्यावी लागते, आणि भाव चढला की प्रथम तीच कमी होते. ही केवळ आमच्या तालुक्यांची कथा नाही. देशात १९५१ साली दरडोई दर दिवशी सुमारे ६१ ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती; २००१ साली हे प्रमाण ३० ग्रॅमवर आले. गहू-तांदळाचे उत्पादन वाढत गेले, लोकसंख्याही वाढली, आणि डाळी मागे राहिल्या. नंतरच्या काळात या स्थितीत काही सुधारणा झाली आहे.

वासे चुलीत जाऊ नयेत

आता त्या तरुणाकडे वळू. शरीराची पहिली गरज ऊर्जेची असते. हृदय चालणे, श्वास घेणे, अंग उबदार राखणे ही कामे क्षणभरही थांबवता येत नाहीत. पोटात पुरेसे धान्य व थोडे तेल गेले, तर ही ऊर्जा त्यातून मिळते आणि प्रथिने बांधकामासाठी शिल्लक राहतात. पोट अर्धे रिकामे असेल तर शरीर प्रथिनेच जाळून ऊर्जा मिळविते. घर बांधण्यासाठी आणलेले सागाचे वासे सरपण नाही म्हणून चुलीत घालावेत, तसाच हा प्रकार. त्या तरुणाच्या महागड्या पावडरीतील बरीचशी प्रथिने अशीच जळून गेली असणार.

या प्रश्नावर विसाव्या शतकात जगभर मोठा वाद झाला आणि त्यात एका मराठी शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा होता, हे वाचकांस ठाऊक असावे. १९३० च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे अंगावर सूज येणाऱ्या, कातडी सोलवटणाऱ्या बालकांच्या आजाराचे वर्णन केले. त्याला तेथील स्थानिक शब्द ‘क्वाशिओरकोर’ होता. पाठचे भावंड आल्यावर अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. पुढे या आजाराचे कारण केवळ प्रथिनांची उणीव मानले गेले आणि जगात ‘प्रथिनांचा तुटवडा’ आहे, अशी हाकाटी सुरू झाली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालातही येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देण्यात आला. प्रथिनयुक्त पावडरी व मिश्रणे तयार करण्याकडे जगाचे लक्ष व पैसा वळला.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या काळात रोम येथे जागतिक अन्न व शेती संघटनेत काम करीत होते. आकडेवारीच्या आधारे त्यांनी दाखविले की ज्यांना प्रथिने अपुरी पडतात, त्यांपैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नसते; नेहमीचे धान्य-डाळीचे अन्न पुरेसे मिळाल्यास प्रथिनांची गरजही बहुतांशी भागते. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनाही प्रत्यक्ष पाहणीत असेच आढळले की एकाच प्रकारच्या अपुऱ्या आहारावरील मुलांपैकी काहींना सुकटी होते, तर काहींना सूज येते. १९७४ साली डॉ. डोनाल्ड मॅकलॅरन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या सर्व प्रथिन-मोहिमेवर कठोर टीका केली. त्यानंतर विचारांची दिशा बदलली.

डॉ. सुखात्मे यांची पुढील काळातील सर्वच मते मान्य झाली नाहीत. कमी अन्नाशी शरीर किती जुळवून घेऊ शकते, याविषयी त्यांचे व डॉ. गोपालन यांचे तीव्र मतभेद होते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत प्रथिनांच्या प्रतीचा वेगळा विचार करावा लागतो, हेही आज स्पष्ट झाले आहे. तथापि मूळ धडा कायम आहे : आधी पोटभर धान्य, त्यासोबत रोज डाळ, आणि जमेल तेव्हा अंडे, मासे किंवा दूध.

बालकांची सूज आणि डाळीचे पाणी

दोन वर्षांच्या आतबाहेरचे मूल घेऊन आजी येते आणि ताप-खोकल्याचे औषध मागते. मुलाचे गाल व पाय फुगलेले असतात. “पोर बाळसं धरतंय,” असे ती समाधानाने सांगते. पायावर बोट दाबले की खळगा पडतो आणि तो तसाच राहतो. ही सूज म्हणजे बाळसे नव्हे. ते गंभीर कुपोषणाचे लक्षण आहे. या सुजेचे एकच कारण सांगता येत नाही. प्रथिने, ऊर्जा, जीवनसत्त्वे यांची उणीव आणि वारंवार होणारे जुलाब व संसर्ग यांचा तो एकत्रित परिणाम असतो. खळगा राहणारी सूज दोन्ही पावलांवर दिसली तर त्या मुलास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

अशा मुलास आणल्याबरोबर भरपूर दूध-अंडी का देत नाही, असे नातेवाईक विचारतात. कुपोषित मुलाचे यकृत, मूत्रपिंड व हृदय दुबळे झालेले असते. एकदम आलेला भार ते सोसू शकत नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार पहिल्या काही दिवसांत दर दोन-तीन तासांनी जे विशेष दूध दिले जाते, त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅमहूनही कमी प्रथिने असतात. सूज उतरू लागली, भूक परत आली की पुढच्या टप्प्याच्या दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने दिली जातात. या टप्प्यांना घाई चालत नाही. ‘मूल बरे दिसते’ म्हणून चौथ्या दिवशी घरी नेण्याचा आग्रह आप्तांनी धरू नये.

घरी मुलाला भरविताना होणारी सर्वसामान्य चूक म्हणजे ‘डाळीचे पाणी’ आणि पेजेची निवळ. वरचे पाणी हलके म्हणून मुलाला दिले जाते आणि तळातील डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. त्या पाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे ११ ग्रॅम प्रथिने लागतात. मऊ शिजवून घोटलेली डाळ-भाताची खिचडी, वर चमचाभर तेल, दिवसातून चार-पाच वेळा आणि त्यात एखादे उकडलेले अंडे कुस्करून दिले, तर ही गरज सहज भागते. पोट लहान असल्याने मूल एका वेळी थोडेच खाते. म्हणून वारंवार भरविणे महत्त्वाचे.

शहापूर तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे राज्य शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या ‘डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजने’तून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची तरतूद झाली. पुढे बालकांसाठी अंडी किंवा केळीही त्यात आली. ही सोय मोलाची आहे. परंतु भातकापणी संपली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत जातात आणि अंगणवाडी मागे राहते. आमच्याकडे येणाऱ्या अतिकुपोषित मुलांच्या मातांना आम्ही प्रथम हेच विचारतो : “गेल्या दिवाळीपासून कुठं होता?”

माता, क्षयरोगी आणि वृद्ध

गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत स्त्रीला रोज सुमारे साडेनऊ ग्रॅम व शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जादा प्रथिने लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते. गरोदरपणात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. नुसत्या ऊर्जेच्या वा प्रथिनांच्या आकड्याशी मात्र तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. यातून बोध असा की डाळीसोबत पालेभाजीही हवी. आमच्या रानात पावसाळ्यात शेवळी, टाकळा, कुर्डू अशा भाज्या असतात. त्या गरोदर स्त्रीच्या ताटात आवर्जून असाव्यात.

क्षयरोगाच्या बाबतीत अलीकडे फार महत्त्वाचा पुरावा हाती आला आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्ण व त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्तींचा अभ्यास केला. रुग्णांना दरमहा तांदूळ, सत्तू, दूधपावडर, तेल असा १० किलोचा शिधा दिला गेला. निम्म्या घरांतील इतर माणसांनाही दरमहा प्रत्येकी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ मिळाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि संसर्गजन्य क्षयरोगाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. कोणतीही लस न देता, मुख्यतः तांदूळ व डाळ देऊन हे साधले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोकाही लक्षणीय कमी होता.

शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. रुग्णांच्या आप्तांनी बँक खाते व नोंदणी वेळेवर पूर्ण करून हा पैसा धान्य, डाळ, अंडी यांवरच खर्च करावा.

मोठी जखम, भाजणे, शस्त्रक्रिया किंवा सर्पदंशाने चिघळलेला पाय बरा होण्यासही जादा प्रथिने लागतात. अशा रुग्णाला ‘जखम पिकेल’ या समजुतीने डाळ, अंडी, मासे बंद करण्याची रीत आमच्या भागात आहे. त्यास शास्त्रीय आधार नाही. उलट जखम भरण्यास विलंब होतो. वृद्धांची गोष्टही तशीच. दात नाहीत, भूक नाही म्हणून आजी-आजोबा चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. त्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते. त्यांना मऊ वरण, पिठले, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, ताक अवश्य द्यावे.

जेथे मोजून खावे लागते

सर्वांना एकच सल्ला लागू पडत नाही. मधुमेह वा उच्च रक्तदाबामुळे मूत्रपिंडे दुबळी झाली असतील, तर प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा युरिया बाहेर टाकणे त्यांना जड जाते. डायलिसिसपूर्व अवस्थेत अशा रुग्णास बहुधा किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनांची मर्यादा सांगितली जाते. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र त्या प्रक्रियेतच प्रथिने वाया जात असल्याने किलोमागे १ ते १.२ ग्रॅम द्यावी लागतात. एका रुग्णाचा आहार-कागद दुसऱ्याने वापरू नये, तो यासाठी. यकृताच्या जुनाट आजारात पूर्वी प्रथिने बंद केली जात; आता बहुतेक रुग्णांना ती पुरेशी देण्याचाच सल्ला दिला जातो.

निरोगी तरुणांनी व्यायामशाळेत सांगितले म्हणून पावडरी घेऊ नयेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही प्रथिनांच्या पूरक पावडरी टाळण्याचा सल्ला आहे. गिळता न येणारे, नळीने अन्न घेणारे, किंवा मोठ्या आजारातून उठणारे काही मोजके रुग्ण यांना अशा पावडरीचा उपयोग होतो. तो निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा.

आपल्या दारातील प्रथिने

या मातीत प्रथिनांची वाण नाही. भात काढल्यावर खाचरातील ओलीवर वाल व हरभरा होतो, बांधावर तूर उभी राहते, वरकस जमिनीत उडीद व कुळीथ येतो. वाल भिजवून मोड आणून सोलले की पचायला सुलभ होतात. शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या सुमारे निम्मी प्रथिने असून त्या किराणा दुकानात स्वस्तात मिळतात. सुकट, सुके बोंबील यांतही वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. मात्र मीठ जास्त असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी बेताने खावेत. नदी-ओढ्यातील मासळी व पावसाळ्यातील चिंबोऱ्या हे तर कातकरी-ठाकूर बांधवांचे पिढीजात अन्न.

अडचण अशी की यातील बरेच काही घरात न राहता बाजारात जाते. वाल विकून मीठ-मिरची येते. अंडी विकून मुलाची वही येते. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. आजारी माणूस, गरोदर सून आणि दोन वर्षांचे मूल यांच्या वाट्याचे तेवढे घरात ठेवावे, इतकेच आम्ही सांगू शकतो. आणि जेथे ठेवण्यासारखे काही उरतच नाही, तेथे समाजाने हात द्यावा.

आमचा निर्णय आणि आपणांस विनंती

त्या तरुणाच्या आईशी झालेल्या संभाषणानंतर आम्ही घरी पाठवण्याच्या कागदावर सरसकट डब्याचे नाव लिहिणे थांबविले. त्याऐवजी सोप्या मराठीत, ग्रॅमऐवजी वाटी व मुठीच्या मापाने, घरातील अन्नच लिहून देतो. आणि लिहिण्यापूर्वी घरात आज काय आहे, ते विचारतो. वाचता न येणाऱ्यांना परिचारिका वाटी हाती देऊन समजावतात.

देणगीदारांस नम्र विनंती की पावडरीचे डबे, बिस्किटे व सरबते यांऐवजी तूर, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या आणि खाद्यतेल पाठवावे, किंवा त्यासाठी निधी द्यावा. मदत केवळ रुग्णाच्या खाटेपाशी न थांबता त्याच्या घरच्या चुलीपर्यंत जावी, असे आम्हाला वाटते. कारण घरातील इतर चार माणसे त्याच पातळ पेजेवर असतात. विश्वस्तांस विनंती की औषधांच्या अंदाजपत्रकात शिध्याचा खर्च औषधाइतकाच आवश्यक मानावा. आणि आप्तेष्टांस विनंती की डॉक्टरांना ‘कोणता डबा आणू’ असे विचारण्याऐवजी ‘घरात इतके इतके आहे, त्यातून काय देऊ’ असे विचारावे. आम्ही उत्तर देऊ.

त्या तरुणाची हकिकत अपुरी राहू नये म्हणून सांगतो. पुढील महिन्यापासून एका देणगीदाराच्या साहाय्याने त्याच्या घरी तांदूळ, डाळ व तेल जाऊ लागले. त्याचे वजन हळूहळू वाढले आणि औषधांचा क्रम पूर्ण झाला. त्याची आई शेवटच्या तपासणीस आली तेव्हा तिने पदराआडून एक छोटी टोपली पुढे केली. त्यात गवतावर ठेवलेली सहा अंडी होती. नव्या कोंबड्या घेतल्याचे तिने सांगितले. आम्ही तीन ठेवून घेतली आणि तीन तिला परत दिली, मुलासाठी.